एट्रुस्कनांचे भुयारी गाव

रोमच्या वायव्येला चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर चेर्वेतेरी हे छोटे इटालियन गाव आहे. त्याला लागून बांदिताच्चा नावाचे पठार आहे. या पठारावर रस्ते आहेत, गल्ल्या आहेत, लहान चौक आहेत, आणि मुख्य रस्त्याच्या दगडात गाड्यांच्या चाकांनी पाडलेल्या खोल चाकोऱ्याही आहेत. दोन्ही बाजूंना गवताने झाकलेली गोल टेकाडे दिसतात. त्यातली मोठी सुमारे 40 मीटर व्यासाची आहेत. टेकाडाच्या पोटात पायऱ्या उतरून गेले की दार लागते, दारातून माजघर, माजघरातून आतल्या खोल्या. हे सगळे थडग्यांचे आहे. एट्रुस्कन लोकांनी इ.स.पू. सातव्या शतकापासून पुढे कित्येक पिढ्या आपले मृत इथे ठेवले आणि त्यांच्यासाठी खडकात घरे खोदली.

एट्रुस्कन म्हणजे आर्नो आणि तायबर या दोन नद्यांच्या मधल्या प्रदेशातले लोक. ते स्वतःला रासेन्ना म्हणवत. आजच्या तस्कनी प्रांताचे नाव त्यांच्यावरूनच पडले. रोम हे तायबरकाठचे एक साधे गाव होते, तेव्हा एट्रुस्कनांची चेर्वेतेरी, तार्क्विनिया, वेई, वुल्ची ही नगरे भरभराटीला आली होती. एल्बा बेटावर आणि समोरच्या किनाऱ्यावर त्यांना लोखंड मिळे, डोंगरात तांबे सापडे आणि त्यांची जहाजे ग्रीकांशी नि फिनिशियनांशी व्यापार करत. रोमच्या परंपरेनुसार त्या शहराचे शेवटचे काही राजे एट्रुस्कन वंशाचे होते. पुढे रोमने ही नगरे एकेक करून गिळली: इ.स.पू. 396 मध्ये वेई पडले आणि इ.स.पू. 264 मध्ये वोल्सिनी. सम्राट क्लॉडियसने त्यांचा वीस खंडांचा इतिहास लिहिला होता. तो हरवला. माझ्या मते प्राचीन ग्रंथांच्या नाशातली ही मोठ्या हानींपैकी एक आहे, कारण एट्रुस्कनांचे स्वतःचे वाङ्मय जवळजवळ काहीच उरलेले नाही. त्यांची लिपी ग्रीकांकडून आलेली असल्यामुळे अक्षरे वाचता येतात. भाषा मात्र लॅटिन किंवा ग्रीकच्या कुळातली नाही आणि ती अजून पुरती उलगडलेली नाही. तिच्यातला सर्वांत मोठा उपलब्ध मजकूर मिळाला तोही नवलाच्या जागी: इजिप्तमधल्या एका ममीला गुंडाळलेल्या तागाच्या पट्ट्यांवर. त्या पट्ट्या आता क्रोएशियातल्या झाग्रेबच्या संग्रहालयात आहेत.

जे लोक बोलत नाहीत त्यांना त्यांच्या वस्तूंवरून ओळखावे लागते. इथे आणखी एक अडचण होती. एट्रुस्कनांनी जिवंत माणसांसाठी आणि देवांसाठी जे बांधले ते लाकूड, कच्च्या विटा आणि कूड यांचे. त्यांच्या घरांचे पायाच्या वर काहीच उरले नाही. मार्झाबोत्तोसारख्या ठिकाणी आखीव रस्ते आणि पाया सापडतो, मुर्लोजवळ एका मोठ्या वाड्याचा चौक नि कौले सापडतात, पण तुळई, आढे, दाराची चौकट, खिडकी यांतले काही हाती लागत नाही. दगडात कोरलेली थडगी मात्र टिकली. घराचे छप्पर कसे होते हे आपल्याला आज कळते ते थडग्याच्या छतावरून.

आणि घराची ही नक्कल काळाबरोबर बदलत गेली, ही त्यातली खरी मौज. इ.स.पू. नवव्या-आठव्या शतकात प्रेताची राख ज्या मातीच्या भांड्यात ठेवत, ते भांडेच कधीकधी झोपडीच्या आकाराचे असे. त्याला दार असे, उतरते छप्पर असे, छपरावर आडव्या टाकलेल्या लाकडांची टोकेही दाखवलेली असत. बांदिताच्च्यातले एक जुने थडगे गवताने शाकारलेल्या झोपडीसारखे आहे. भिंती संपून छप्पर कुठे सुरू झाले हे तिथे नीट कळतही नाही. मग त्यानंतरची थडगी येतात. त्यांच्यात मधली मोठी खोली आणि मागे ओळीने तीन लहान खोल्या आहेत, वर दुपाखी छप्पर, मधोमध आढे आणि दोन्ही बाजूंना वासे. सगळे एकाच खडकात कोरलेले. त्या आढ्यावर कसलाच भार नाही, ते काढून टाकले तरी खोली पडणार नाही. तरीही पाथरवटाने ते कोरले, कारण घर म्हटले की आढे हवेच.

हे जमले ते इथल्या दगडामुळे. जुन्या ज्वालामुखींच्या राखेपासून बनलेला हा टफ दगड ताजा खणताना मऊ असतो आणि हवा लागली की कठीण होतो. छिन्नीने तो सहज निघतो. एट्रुस्कनांनी त्यातून खाटा कोरल्या, खाटांना उशा कोरल्या. सहाव्या शतकातल्या एका थडग्यात भिंतीवर गोल ढाली आहेत आणि दाराच्या बाजूला पाठीच्या खुर्च्या, पाय ठेवायच्या पाटांसह. चेर्वेतेरीत पुरुषाच्या नि स्त्रीच्या खाटाही ओळखू येतात: पुरुषाच्या खाटेला खांबासारखे पाय, तर स्त्रीच्या खाटेची दोन्ही टोके घराच्या दुपाखी छपरासारखी. थडग्याबाहेर खुणेचे दगड उभे करत, तेही पुरुषासाठी खांब आणि स्त्रीसाठी छोटे घर.

सजावटीत सगळ्यात श्रीमंत थडगे मातुना घराण्याचे. ते इ.स.पू. चौथ्या शतकाच्या शेवटाकडचे आहे आणि 1847 मध्ये सापडले. त्याच्या खांबांवर आणि भिंतींवर चुन्याच्या गिलाव्यात उठावाची चित्रे करून रंगवलेली आहेत. त्यात घरातल्या नि रोजच्या कामातल्या वस्तू आहेत: दोरीचे वेटोळे, सुऱ्या, कुऱ्हाड, सांडशी, सुरई. वर शिरस्त्राणे नि ढाली आहेत, आणि एका खाटेखाली पाटावर सपातांचा जोडदेखील आहे. हे घराणे पाताळाचा तीन डोक्यांचा कुत्रा विसरले नाही, तोही एका बाजूला आहे. पण डोळा पुन्हा त्या दोरीकडे आणि सांडशीकडेच जातो. कुठलाही इतिहासकार कोणाच्या स्वयंपाकघराची अशी यादी लिहून ठेवत नाही.

चेर्वेतेरीतच 1836 मध्ये एक थडगे जसेच्या तसे, न लुटलेले सापडले. शोधणाऱ्या पाद्र्याच्या नि सेनापतीच्या नावाने ते रेगोलिनी-गालास्सी म्हणून ओळखले जाते, आणि त्यातला ऐवज व्हॅटिकनच्या संग्रहालयात आहे. इ.स.पू. 650 च्या सुमाराच्या एका उच्चकुलीन स्त्रीच्या दफनातले सोने त्यात आहे. वस्त्र अडकवायचा एक फूटभर लांबीचा सोन्याचा आकडा पाहावा. त्यावर सिंह चालत आहेत, पिसे कोरलेली छोटी बदके रांगेत बसली आहेत, आणि सगळीकडे रवा काम आहे. आपल्या सोनारांना रवा नवा नाही, पण एट्रुस्कनांचा रवा काही दागिन्यांत पाव मिलिमीटरपेक्षाही बारीक असतो. इतक्या बारीक मण्यांना नेहमीचे डाख लावले, तर डाख पसरून मणीच बुडून जातील. एकोणिसाव्या शतकात रोमच्या कास्तेल्लानी या सोनार घराण्याने हे काम जमवायची पराकाष्ठा केली आणि त्यांना पुरते यश आले नाही. ही युक्ती पुन्हा सापडली ती विसाव्या शतकात. तांब्याचा क्षार आणि डिंक किंवा सरस एकत्र करून त्याने रवा चिकटवायचा आणि तापवायचे. चिकट पदार्थ जळून त्याचा कोळसा होतो, तो क्षारातले तांबे मोकळे करतो, आणि तेवढ्याच जागी तांबे-सोन्याचा मिश्रधातू वितळून मणी पकडतो. डाख दिसतच नाही.

एट्रुस्कनांच्या कलेत मला सर्वांत मोठे वाटते ते भाजलेल्या मातीचे काम. करारा येथील संगमरवराच्या खाणी पुढे रोमनांच्या काळात गाजल्या. एट्रुस्कन शिल्पकाराचे मुख्य साधन होते माती. चेर्वेतेरीतलीच एक शवपेटी रोमच्या व्हिला ज्युलिया संग्रहालयात आहे. ती इ.स.पू. 520 च्या सुमाराची. 1881 मध्ये सापडली तेव्हा तिचे सुमारे 400 तुकडे झाले होते. खाटेवर एक जोडपे डाव्या कोपरावर रेलून बसले आहे. पुरुषाचा हात स्त्रीच्या खांद्यावर आहे, आणि दोघांच्या बोटांची ठेवण अशी की काहीतरी दिले-घेतले जात आहे. ती वस्तू हरवली. अत्तराची कुपी असेल असे पुष्कळ अभ्यासक मानतात. भट्टीत मावावी म्हणून ही पेटी कापून भाजली आणि नंतर जोडली. चेहऱ्यांवरचे स्मित ग्रीकांकडून, बहुधा आयोनियातल्या कारागिरांकडून आले. जोडप्याची बैठक मात्र ग्रीक नाही. अथेन्समध्ये मेजवानीला पुरुषांबरोबर घरची स्त्री बसत नसे. चौथ्या शतकातला ग्रीक इतिहासकार थिओपोम्पस एट्रुस्कन बायका परपुरुषांच्या शेजारी बसून जेवतात, भरपूर पितात, असे चवीने सांगतो. त्यावरून ग्रीकांचेच अधिक कळते. एट्रुस्कन शिलालेखांत स्त्रियांना रामथा, लार्थिया, वेलिया अशी स्वतःची नावे आहेत, आणि माणसाच्या बापाबरोबर आईचेही कुळ पुष्कळदा नोंदलेले असते. रोमन मुलीला मात्र सहसा बापाच्या कुळाचेच नाव मिळे.

याच मातीने त्यांची देवळेही सजली. एट्रुस्कन देऊळ ग्रीक देवळासारखे चहूबाजूंनी पाहायचे नसे. त्याला उंच जोते, समोरूनच पायऱ्या, पुढे खोल ओसरी आणि मागे एक किंवा तीन गाभारे असत. रोमन वास्तुविशारद विट्रुव्हियसने आपल्या ग्रंथात या पद्धतीची मापे दिली आहेत. छप्पर रुंद नि जड, वळचण भिंतीच्या बरीच पुढे आलेली, कारण खालच्या कच्च्या विटा पावसापासून वाचवायच्या असत. लाकडाच्या टोकांवर रंगीत मातीच्या फरशा ठोकत. आणि वेई येथील पोर्तोनाच्चो देवळात, इ.स.पू. 510 च्या सुमाराला, छपराच्या आढ्यावर माणसाएवढ्या मूर्ती उभ्या केल्या. त्यातला अपोलो 1916 मध्ये उत्खननात मिळाला. हा अपोलो लांब पावले टाकत हेराक्लिसकडे निघाला आहे. दोघांत एका पवित्र हरिणीवरून भांडण आहे. दोन पायांच्या मध्ये नक्षीचा एक आधार आहे. तो नसता, तर ओल्या मातीचे धड पायांवर उभे राहिले नसते. वस्त्राच्या चुण्या खोल आणि धारदार आहेत. जवळून त्या जरा भडक वाटतील, पण मूर्ती जमिनीपासून कितीतरी उंच, आकाशाच्या पार्श्वभूमीवर पाहायची होती.

वेईच्याच वुल्का नावाच्या शिल्पकाराला रोमला बोलावून कॅपिटोलिन टेकडीवरच्या ज्युपिटरची मूर्ती करवली, असे रोमन लेखक प्लिनी सांगतो. एट्रुस्कन शिल्पकारांपैकी नावाने माहीत असलेला हा जवळजवळ एकटाच. ते देऊळ इ.स.पू. 509 मध्ये अर्पण झाले अशी रोमन परंपरा आहे, आणि त्याचा प्रचंड पाया आजही कॅपिटोलिन संग्रहालयात दिसतो. पुढे रोमनांनी खांब ग्रीक पद्धतीचे, संगमरवरी केले, पण उंच जोते आणि समोरच्या पायऱ्या सोडल्या नाहीत. फ्रान्समधल्या नीम शहरातले मेझों कारे पाहा: अंगावर ग्रीक कपडे, हाडे एट्रुस्कन.

ग्रीकांवरचे एट्रुस्कनांचे उपकार तर क्वचितच कोणी मोजते. आज जगभरच्या संग्रहालयांत अथेन्सचे जे उत्तमोत्तम चित्रित कुंभ आहेत, त्यांतले असंख्य एट्रुस्कन थडग्यांतून निघाले. ग्रीस देशात ते फुटून गेले; इटलीत ते विकत घेऊन मृतांजवळ ठेवले गेले, म्हणून वाचले. अठराव्या शतकात हे कुंभ एट्रुस्कनच असावेत असा समज होता, म्हणून इंग्लंडमधल्या वेजवूडने आपल्या चिनीमातीच्या कारखान्याला एट्रुरिया हे नाव दिले. 1844 मध्ये किउसीजवळ सापडलेला फ्रांस्वा कुंभ सर्वांत प्रसिद्ध. 1900 मध्ये फ्लॉरेन्सच्या संग्रहालयात एका पहारेकऱ्याने रागाने स्टूल फेकले आणि कुंभाचे 638 तुकडे झाले. तो पुन्हा जोडला. थडगी लुटणाऱ्यांनी केलेले नुकसान मात्र जोडता येत नाही, कारण वस्तू कुठे, कशाशेजारी होती हे कायमचे पुसले जाते. युफ्रोनिओसने रंगवलेला एक कुंभ चेर्वेतेरीतून असाच चोरीला गेला, 1972 मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने तो दहा लाख डॉलरना घेतला, आणि पुराव्यांपुढे 2008 मध्ये इटलीला परत द्यावा लागला. आता तो चेर्वेतेरीच्याच संग्रहालयात आहे.

चेर्वेतेरीच्या उत्तरेला तार्क्विनियाला सुमारे सहा हजार थडगी आहेत आणि त्यांपैकी दोनशेच्या आसपास रंगवलेली. मेजवान्या, नर्तक, बासरीवाले. एकात समुद्रात सूर मारणारा मुलगा, जाळी टाकणारे कोळी आणि आकाशभर उडणारे पक्षी. 1950 च्या दशकात कार्लो लेरिची या अभियंत्याने जमिनीला लहान छिद्र पाडून आत पेरिस्कोप आणि कॅमेरा सोडण्याची पद्धत वापरली, त्यामुळे न खणताच आत चित्रे आहेत का ते कळू लागले. ऑलिंपिक खेळांच्या चित्रांचे थडगे 1958 मध्ये असेच मिळाले. उघडल्यावर मात्र आतली हवा बदलते, दमटपणा कमी-जास्त होतो आणि रंग सुटू लागतात. काही चित्रे भिंतीवरून काढून संग्रहालयात न्यावी लागली.

2004 पासून बांदिताच्चा आणि तार्क्विनिया ही दोन्ही ठिकाणे युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. रोमला जाणाऱ्या मराठी प्रवाशांच्या यादीत कोलोसियम, व्हॅटिकन आणि ट्रेव्ही कारंजे ठरलेले असते. त्यातून एक दिवस काढा: सकाळी व्हिला ज्युलियात ते जोडपे आणि अपोलो पाहा, दुपारी चेर्वेतेरी गाठा. भुयारात पायाखाली ओल असते, चांगल्या पकडीचे बूट घाला आणि सोबत विजेरी ठेवा.