मॉलिब्डेनम कार्बाइड : हायड्रोजनच्या वाटेवरचा घाट

मॉलिब्डेनम कार्बाइड ही काळसर करड्या रंगाची, अतिशय कठीण भुकटी असते. मॉलिब्डेनमच्या दोन अणूंमागे कार्बनचा एक अणू हे तिचे नेहमीचे सूत्र. शंभर ग्रॅम भुकटीत कार्बन जेमतेम सहा ग्रॅम भरतो, पण तेवढ्याने धातूचा स्वभाव पालटतो. एरवी पोलादात मिसळण्यासाठी वापरला जाणारा हा धातू प्लॅटिनमची काही कामे करू लागतो. इंधनातून हायड्रोजन काढणे, त्या हायड्रोजनमधला कार्बन मोनॉक्साइड घालवणे आणि जैव-तेलातला ऑक्सिजन काढून त्याचे चांगले इंधन करणे ही त्यांतली महत्त्वाची कामे.

मॉलिब्डेनमचा अणुक्रमांक ४२. त्याचे खनिज मॉलिब्डेनाइट दिसायला ग्रॅफाइटसारखे मऊ आणि काळे असल्यामुळे शतकानुशतके शिसे किंवा ग्रॅफाइट समजले जाई. धातूचे नावही शिशाच्या ग्रीक नावावरून पडले. १७७८ मध्ये स्वीडनच्या कार्ल शेले यांनी हे खनिज वेगळे असल्याचे दाखवले आणि १७८१ मध्ये पीटर येल्म यांनी त्यातून धातू मिळवला. हा धातू २,६२३ अंश सेल्सिअसला वितळतो. चीन, चिली, अमेरिका आणि पेरू हे त्याचे मोठे उत्पादक आहेत. भारताची गरज मुख्यतः आयातीवर भागते.

उत्प्रेरक म्हणजे काय, हे पोलादपूरहून महाबळेश्वरला चढणाऱ्या आंबेनळी घाटावरून चांगले समजते. पोलादपूर सावित्रीच्या खोऱ्यात, पायथ्याशी आहे; महाबळेश्वर सुमारे १,३७० मीटर उंचीवर. पोलादपूरच्या माणसाला वाईला जायचे असेल तर मधली सह्याद्रीची भिंत ओलांडावीच लागते. सरळ कड्यावरून चढणारा विरळाच. घाटरस्ता झाला आणि तीच भिंत एसटीही ओलांडू लागली. घाटामुळे पोलादपूरची उंची वाढली नाही आणि वाईची कमी झाली नाही; बदलली ती फक्त मधली वाट. रासायनिक अभिक्रियेतही सुरुवातीचे पदार्थ आणि शेवटचे पदार्थ यांच्यामध्ये ऊर्जेचा असाच डोंगर असतो. उत्प्रेरक कमी चढाची वाट काढून देतो. अभिक्रिया शेवटी कुठे स्थिरावणार हे तो बदलू शकत नाही. तिथे लवकर आणि कमी तापमानात पोचवतो.

घाटाची दुसरी खूणही इथे लागू पडते. महाडहून वरंधा घाट चढला तर भोर लागते, पोलादपूरहून आंबेनळी चढला तर महाबळेश्वर. वाट निवडली की मुक्काम ठरतो. कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन हेच दोन वायू निकेलवरून नेले तर मिथेन होतो, तांब्यावरून नेले तर मिथेनॉल, लोखंडावरून नेले तर द्रव इंधने. म्हणून उत्प्रेरकाची परीक्षा दोन प्रश्नांवर होते: तो काम किती वेगाने करतो आणि नेमके हवे तेच काम करतो का.

कार्बाइडच्या आधीपासून मॉलिब्डेनम इंधन उद्योगात राबतो आहे, तो सल्फाइडच्या रूपात. कच्च्या तेलातले गंधक काढण्यासाठी मुंबईत माहुलला आहेत तशा शुद्धीकरण कारखान्यांत डिझेल आणि हायड्रोजन तापवून, दाबाखाली उत्प्रेरकाच्या थरातून नेतात. हा उत्प्रेरक म्हणजे ॲल्युमिनाच्या सच्छिद्र गोळ्यांवर बसवलेले मॉलिब्डेनम सल्फाइड. जोडीला कोबाल्ट किंवा निकेल. गंधक हायड्रोजनशी जुळून वायुरूपात बाहेर पडते आणि डिझेल स्वच्छ होते. १ एप्रिल २०२० पासून देशात भारत स्टेज सहा मानक लागू झाले आणि डिझेलमधल्या गंधकाची मर्यादा दशलक्षात ५० भागांवरून १० भागांवर आली. आंबेनळीची वळणे घेत चढणाऱ्या लालपरीच्या टाकीतले डिझेल स्वच्छ होण्यामागे हाच धातू आहे.

कार्बाइडकडे लक्ष वेधले गेले ते १९७३ मध्ये. आर. बी. लेव्ही आणि मिशेल बुदार यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवून दिले की टंगस्टन कार्बाइडचा पृष्ठभाग काही अभिक्रियांत प्लॅटिनमसारखा वागतो. टंगस्टन आणि मॉलिब्डेनम आवर्तसारणीत एकाच उभ्या गटात, एकाखाली एक आहेत, त्यामुळे शोध ओघानेच मॉलिब्डेनमकडे वळला. कार्बाइडच्या प्लॅटिनमसारख्या वागण्याचे कारण इलेक्ट्रॉनांच्या मांडणीत आहे. नुसता मॉलिब्डेनम हायड्रोजन, कार्बन किंवा ऑक्सिजनला इतका घट्ट धरतो की पकडलेला रेणू सुटतच नाही आणि पृष्ठभाग अडून बसतो. कार्बनचे लहान अणू धातूच्या जाळीतल्या फटींत शिरले की जाळी थोडी ताणली जाते आणि धातूच्या बाहेरच्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा बदलते. मग रेणू धरला जातो, त्याचा बंध तुटतो आणि तयार झालेला पदार्थ सुटूनही जातो. धरणे आणि सोडणे यांचा हा तोल प्लॅटिनममध्ये जन्मतः असतो. कार्बाइडमध्ये तो घडवावा लागतो.

घडवण्याची रीत सोपी दिसते, पण तिला सबुरी लागते. मॉलिब्डेनम ट्रायऑक्साइडची फिकट, पांढुरकी भुकटी चिनी मातीच्या होडीसारख्या छोट्या पात्रात पसरतात. पात्र क्वार्ट्झच्या नळीत सरकवून नळी भट्टीत ठेवतात आणि तिच्यातून मिथेन व हायड्रोजन यांचे मिश्रण सोडतात. मिथेन साधारण पाचवा हिस्सा. भट्टी हळूहळू तापवायची, वरच्या टप्प्यात मिनिटाला एखाद-दुसरा अंश, तेही सुमारे ७०० अंशांपर्यंत. घाई केली तर ऑक्साइड उडून जातो किंवा कण एकमेकांना चिकटून बसतात. आधी ऑक्सिजन पाण्याच्या वाफेच्या रूपाने निघतो आणि नळीच्या थंड टोकाला थेंब दिसू लागतात. फिकट भुकटी गडद होत जाते आणि मग रिकाम्या जागांत कार्बन शिरतो. ऑक्साइडची घनता दर घनसेंटिमीटरला सुमारे ४.७ ग्रॅम, कार्बाइडची सुमारे ९. कणाचा बाहेरचा आकार पुष्कळसा तसाच राहतो, पण आतला पदार्थ आक्रसतो आणि कणभर बारीक छिद्रे पडतात. उत्प्रेरकाचे सगळे काम पृष्ठभागावर होत असल्यामुळे ही छिद्रे मोलाची ठरतात.

शेवटची पायरी सर्वांत नाजूक. ताजे कार्बाइड एकदम हवेत काढले तर ऑक्सिजन शोषून तापते, प्रसंगी पेटते. महाडसारख्या रासायनिक वसाहतींत काम केलेल्यांना हे नवे नाही. हायड्रोजनेशनसाठी वापरला जाणारा रेनी निकेल याच कारणाने पाण्याखाली ठेवतात. कार्बाइडच्या बाबतीत नळी थंड झाल्यावर एखादा टक्काच ऑक्सिजन असलेला निष्क्रिय वायू काही तास सोडतात. त्याने कणांवर ऑक्साइडचा पातळ पापुद्रा धरतो आणि भुकटी हाताळता येते. वापरण्यापूर्वी हायड्रोजनमध्ये तापवून तो पापुद्रा काढावा लागतो.

इंधन-प्रक्रियेत कार्बाइडची जागा कुठे, हे समजण्यासाठी हायड्रोजनचा प्रवास पाहावा लागतो. रायगड जिल्ह्यात अलिबागजवळ थळ येथे राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सच्या कारखान्यात नैसर्गिक वायूपासून हायड्रोजन काढून त्याचा अमोनिया आणि पुढे युरिया करतात. नैसर्गिक वायूपासून हायड्रोजन काढण्याची प्रचलित पद्धत अशी: निकेलच्या उत्प्रेरकावर मिथेन आणि वाफ यांच्यापासून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन होतात. मग येतो ‘शिफ्ट’चा टप्पा. त्यात कार्बन मोनॉक्साइड पुन्हा वाफेशी जुळून कार्बन डायऑक्साइड होतो आणि आणखी हायड्रोजन सुटतो. हा टप्पा दोनदा घेतात, आधी लोह-क्रोमियमवर सुमारे ३५० ते ४५० अंशांना, मग तांबे-जस्तावर सुमारे २०० अंशांना.

मोठ्या कारखान्यात ही व्यवस्था वर्षानुवर्षे अखंड चालते. अडचण येते ती छोट्या संचात. इंधनघट (फ्युएल सेल) असलेल्या वाहनाला किंवा इमारतीला जागच्या जागी हायड्रोजन पुरवायचा तर संच रोज चालू-बंद होणार. तांबे-जस्ताचा उत्प्रेरक त्यात टिकत नाही. तो जास्त तापला की त्याचे कण एकत्र येतात आणि गंधक किंवा क्लोरीनच्या संगतीत तो मरतो. शिवाय इंधनघटातल्या प्लॅटिनमला दशलक्षात मोजके भाग कार्बन मोनॉक्साइडही बाधतो. २००० साली मिशिगन विद्यापीठात लेव्ही थॉम्पसन यांच्या गटाने या टप्प्यासाठी मॉलिब्डेनम कार्बाइड तपासले. ते व्यापारी तांबे-जस्तापेक्षा सरस ठरले आणि मिथेन बनवण्यात हायड्रोजन वाया घालवत नाही, हेही दिसले.

पुढची मोठी मजल २०१७ ची. पेकिंग विद्यापीठातल्या दिंग मा यांच्या गटाने कार्बाइडचे अल्फा हे रूप घेतले. त्यात अणूंची मांडणी घनाकृती असते आणि ते बनवताना ऑक्साइडला आधी अमोनियातून, मग मिथेनमधून न्यावे लागते. या रूपावर सोन्याचे अणू पातळ थरासारखे पसरवले तेव्हा शिफ्टची अभिक्रिया १२० अंशांनाच जोरात चालली. प्लॅटिनमचे सुटे अणू बसवले तेव्हा मिथेनॉल आणि पाणी यांच्यापासून १९० अंशांना दर ताशी, प्लॅटिनमच्या प्रत्येक अणूमागे हायड्रोजनचे १८,००० रेणू निघाले. इथे कामाची वाटणी आहे. पाण्याचा रेणू कार्बाइड फोडते, कार्बनयुक्त रेणू मौल्यवान धातू हाताळतो. एरवी कार्बाइड प्लॅटिनमची जागा घेते. इथे ते चिमूटभर प्लॅटिनमचे चीज करते.

दुसरे क्षेत्र जैव-इंधनाचे. भाताचे तूस, लाकडाचा भुसा, काटक्या हवेशिवाय झटपट तापवल्या की काळे, झोंबऱ्या वासाचे जैव-तेल मिळते. त्याच्या वजनातला तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त ऑक्सिजन असतो. म्हणून ते आम्लधर्मी राहते, साठवणीत घट्ट होते आणि त्याची उष्णताही कमी पडते. हायड्रोजनच्या साहाय्याने ऑक्सिजन काढताना नेहमीचे धातू कार्बनच्या कड्यांवरही हायड्रोजन खर्च करतात. मॉलिब्डेनम कार्बाइड मात्र कार्बन आणि ऑक्सिजन यांमधला बंध नेमका तोडते. मिनेसोटा विद्यापीठात आदित्य भान यांच्या गटाने साध्या वातावरणीय दाबाला, २५० अंशांच्या आत ॲनिसोल या ऑक्सिजनयुक्त संयुगाचे बेन्झीन करून हे दाखवले. कोकणासारख्या भाताच्या मुलखासाठी हे काम मोलाचे आहे, कारण महाग हायड्रोजन जितका कमी लागेल तितके असे इंधन परवडणारे होईल.

पाण्याच्या विद्युतविघटनातही हा पदार्थ कामी येतो. २०१२ मध्ये लोझानच्या शिले हू यांच्या गटाने व्यापारी मॉलिब्डेनम कार्बाइड आम्ल आणि अल्कली अशा दोन्ही द्रावणांत हायड्रोजन सोडवते हे नोंदवले. त्याची चाल प्लॅटिनमपेक्षा कमी असली तरी धातू कितीतरी स्वस्त आहे.

जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत आंबेनळी घाट दरडींनी आणि खचलेल्या रस्त्याने बंद पडला होता. उत्प्रेरकाची वाटही अशीच बंद पडते. कार्बाइडचा पहिला शत्रू ऑक्सिजन. वाफ किंवा कार्बन डायऑक्साइड जास्त झाला की कार्बन निघून जातो आणि पृष्ठभागावर पुन्हा ऑक्साइड बसतो. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी १९९० च्या दशकात मिथेनच्या अभिक्रियेत पाहिले की साध्या दाबाला कार्बाइड असे बिघडते, पण आठ पट दाबाला टिकून राहते. दुसरा शत्रू काजळी. मिथेन जास्त झाला तर सुटा कार्बन थरावर थर चढवतो आणि छिद्रे बुजतात. म्हणजे कार्बन काढणारे वायू आणि कार्बन घालणारे वायू यांचा तोल राखणे हीच या उत्प्रेरकाची देखभाल. गंधक मात्र तो तांब्यापेक्षा अधिक सोसतो, कारण मॉलिब्डेनमचे गंधकाशी जुनेच सख्य आहे.

महाराष्ट्रात या विषयाची पायाभरणी झालेली आहे. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातले धातुशास्त्रज्ञ सी. के. गुप्ता यांचा मॉलिब्डेनमच्या निष्कर्षणावरचा ग्रंथ १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला. पुण्यात पाषाण येथे १९५० मध्ये सुरू झालेली राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा उत्प्रेरकांच्या अभ्यासासाठी ओळखली जाते. तिची पालक संस्था सीएसआयआर आणि केपीआयटी ही कंपनी यांनी ऑक्टोबर २०२० मध्ये हायड्रोजनवर चालणाऱ्या मोटारीची चाचणी घेतली आणि ऑगस्ट २०२२ मध्ये पुण्यात तशी बस सादर केली. केंद्राच्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानाला जानेवारी २०२३ मध्ये मंजुरी मिळाली; २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन हायड्रोजन बनवणे हे त्याचे उद्दिष्ट आहे.

मोठ्या कारखान्यांत आजही शिफ्टचे काम लोखंड आणि तांबेच करतात. मॉलिब्डेनम कार्बाइड मुख्यतः प्रयोगशाळेत आहे. प्रयोगशाळेत उत्प्रेरक काही ग्रॅमचा असतो आणि त्याची चाचणी तासांत मोजतात. कारखान्यात तो टनांनी भरतात आणि वर्षानुवर्षे बदलत नाहीत. टनावारी बनवताना छिद्रे टिकवणे, भुकटीच्या मजबूत गोळ्या करणे आणि चालू-बंद होताना ऑक्सिजनपासून पृष्ठभाग जपणे ही तीन कामे साधली, की हा स्वस्त धातू हायड्रोजनच्या संचात कायमचा बसेल.