पाबळची हातांची शाळा

दोस्तांनो, दहावीचा निकाल लागला की गल्लीत पेढे वाटले जातात. पण त्याच गल्लीत एखाद्या घराचं दार त्या दिवशी लोटलेलंच राहतं. आतला मुलगा गणितात गेलेला असतो. "आता याचं काय व्हायचं?" शेजारपाजारचे हळहळतात. खेड्यात अशा मुलाच्या वाट्याला दुसऱ्याच्या रानातली मजुरी येते, नाहीतर तो शहराकडची एस. टी. पकडतो. आणि मुलगी असेल तर घरात लग्नाच्याच गोष्टी सुरू होतात!

अशाच मुलामुलींसाठी एका शास्त्रज्ञाने शाळा काढली. त्यांचं नाव डॉ. श्रीनाथ कलबाग. अमेरिकेत पीएच. डी. केलेले, हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रात मोठ्या पदावर काम केलेले. १९८३ साली त्यांनी पुणे जिल्ह्यातल्या पाबळ या दुष्काळी गावात 'विज्ञान आश्रम' सुरू केला. २००३ मध्ये ते गेले. आश्रमाचं काम मात्र चालूच आहे.

इथला अभ्यासक्रम एका वर्षाचा. तिथेच राहायचं आणि काम करत शिकायचं. वेल्डिंग, सुतारकाम, बांधकाम, वायरिंग, शेती, जनावरं, खाद्यपदार्थ... तुम्ही म्हणाल, एकच काहीतरी नीट का शिकवत नाहीत? अहो, खेड्यात बारा महिने नुसतं वेल्डिंगचं काम कोण देणार? पावसाळ्यात बांधकामं थंडावली, तरी कुणाचा पंप बिघडतो, कुणाचं वायरिंग जळतं. हातात चार कामं असली की चूल बंद पडत नाही!

आता एक गंमत बघा. जमिनीखाली पाणी आहे का, हे इथली मुलं यंत्राने तपासायला शिकली. एका ओळीत चार सळया जमिनीत ठोकायच्या. बाहेरच्या दोन सळयांतून वीज सोडायची, आतल्या दोन सळयांमधला विजेचा दाब मोजायचा. दाबाला प्रवाहाने भागलं की विरोध कळतो. कोरडा खडक विजेला खूप अडवतो, ओला खडक कमी. सळयांमधलं अंतर वाढवत नेलं, की आणखी खोलवरचा अंदाज येतो. मग आकडे मांडून आलेख काढायचा.

म्हणजे काय झालं? ज्या गणिताने नापास केलं, तेच गणित पुन्हा भेटलं! पण इथे भागाकार चुकला तर नुसते मार्क जात नाहीत. शेतकऱ्याची विहीर कोरडी जाते आणि कर्ज डोक्यावर बसतं. मग मुलं दोनदा ताळा करून बघतात, कुणी सांगावं लागत नाही.

आणखी एक गोष्ट इथे शिकवतात: हिशेब. सामान किती लागलं, वेळ किती गेला, मजुरी किती धरायची, सगळं लिहून काढायचं. आपल्या कामाची किंमत ठाऊक असलेला कारागीर "द्या काय द्यायचं ते" म्हणत नाही. ताठ मानेने बिल पुढे करतो. इथून बाहेर पडलेल्या काहींनी गावातच स्वतःचं वर्कशॉप टाकलं, काही नोकरीला लागले.

नंतर आठवी ते दहावीच्या मुलांसाठी काही शाळांतही हे शिक्षण सुरू झालं, आठवड्यातून एक दिवस. म्हणजे आधी नापास व्हायला नको!

तर मित्रांनो, ते लोटलेलं दार आठवतंय ना? पुढच्या निकालाला तिथे नक्की जा. किती मार्क पडले, ते विचारू नका. एवढंच विचारा, "तुला काय करायला आवडतं रे?"