दोनशेतलं एक जनावर

1992 साली भारतातल्या रस्त्यांवरून केलेल्या सर्वेक्षणांत पांढऱ्या पाठीची 1000 गिधाडं दिसली असं धरलं, तर 2007मध्ये त्याच रस्त्यांवर उरलं 1. घट 99.9 टक्के. 2000 ते 2007 या काळात संख्या दरवर्षी सुमारे 44 टक्क्यांनी घसरत होती.

आधी संशय रोगराईवर होता. मेलेलं गिधाड फाडून पाहिलं की यकृतावर, हृदयावर चुना फासल्यासारखा पांढरा थर दिसे. तो युरिक ॲसिडचा. मूत्रपिंडं निकामी झाल्याची खूण. 2004मध्ये पाकिस्तानातल्या अभ्यासात गुन्हेगार सापडला: गुरांच्या सूज-वेदनेवरचं डायक्लोफेनॅक. इंजेक्शननंतर दोन दिवसांत गाय दगावली आणि ढोरफाडीच्या जागेवर टाकली, की औषध गिधाडांच्या पोटात जाई.

एवढ्या घसरणीला अशी किती जनावरं पुरेशी ठरली? शास्त्रज्ञांच्या हिशेबाने मेलेल्या गुरांपैकी 1 टक्क्याहूनही कमी. हे पटायला साधा गुणाकार पुरे. गिधाड सरासरी तीन दिवसांनी जेवतं. वर्षाला सुमारे 120 जेवणं. 200 जनावरांत 1 विषारी असेल, तर वर्षभरात एकदा तरी ते ताटात येण्याची शक्यता 45 टक्के. पहिल्या वर्षी 100मधली 55 उरतात, पाचव्या वर्षाअखेर 5. इकडे जोडी वर्षाला अंडं घालते एकच, आणि पिल्लू वयात यायला पाचेक वर्षं लागतात.

उपायांनाही हाच हिशेब लागू आहे. विषारी जनावरं दहापट कमी झाली, 2000 जनावरांत 1 उरलं, तरी वर्षाला 100मागे 6 पक्षी जातात. म्हणून 2006ची पशुवैद्यकीय बंदी पुरली नाही. माणसांसाठीचं औषध गोठ्यात पोचतच होतं. 2015मध्ये त्याची बाटली 3 मिलीची केली. गाईला अशा कैक फोडाव्या लागतात. 2023मध्ये किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅक या तशाच घातक औषधांवरही बंदी आली. मेलोक्सिकॅम हा सुरक्षित पर्याय हाताशी आहे.

जानेवारी 2024मध्ये हरियाणातल्या पिंजोर प्रजनन केंद्रातली 20 गिधाडं महाराष्ट्रात आणली: 10 ताडोब्यात, 10 पेंचमध्ये. आकडा लहान वाटतो. पण जोडीमागे एका अंड्याच्या हिशेबाने यामागे कैक वर्षं आहेत. ती वसूल होणार की बुडणार, हे आसपासच्या गोठ्यातल्या आजारी बैलाला कोणती बाटली टोचली जाते, त्यावर ठरेल.