मिरजेचे खरेशास्त्री

पानिपतानंतरच्या चाळीस वर्षांतील मराठ्यांचा इतिहास ज्याला अभ्यासावयाचा असेल, त्याला ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ या ग्रंथमालेला वळसा घालून पुढे जाता येत नाही. ही माला कोणा विद्यापीठाने काढलेली नाही, की कोणा सरकारी खात्याने. मिरजेच्या हायस्कुलात संस्कृत शिकविणाऱ्या एका शिक्षकाने १८९७ साली ती सुरू केली आणि मरेपर्यंत तिचे बारा खंड प्रसिद्ध केले. वासुदेव वामन खरे हे त्या शिक्षकाचे नाव. महाराष्ट्र त्यांना वासुदेवशास्त्री खरे म्हणून ओळखतो. ११ जून १९२४ रोजी मिरजेत त्यांचे देहावसान झाले. त्या घटनेला २०२४ साली शंभर वर्षे पूर्ण झाली. शाळेच्या हजेरीपटावर ते संस्कृतचे शिक्षक होते. परंतु त्यांच्या वर्गात कधीही न बसलेल्या पिढ्यान्‌पिढ्यांना त्यांनी शिकविला तो इतिहास.

शास्त्रीबुवांचा जन्म ५ ऑगस्ट १८५८ रोजी कोकणात गुहागर येथे झाला. विद्येसाठी ते घाट चढून साताऱ्यास आले आणि अनंताचार्य गजेंद्रगडकर यांच्यापाशी बसून त्यांनी संस्कृत शास्त्रांचे अध्ययन केले. सातारा ही छत्रपतींची राजधानी. याच शहरात इंग्रजांचा प्रतिनिधी म्हणून राहिलेल्या ग्रँट डफने मराठी राज्याची कागदपत्रे हाताळली आणि १८२६ साली आपला मराठ्यांचा इतिहास प्रसिद्ध केला. पुढे कित्येक वर्षे आपला इतिहास आपण त्याच्याच ग्रंथातून वाचत राहिलो. त्यातील उणिवा दाखविणारा निबंध नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी लिहिला खरा. परंतु एका इतिहासाला उत्तर द्यावयाचे तर नुसत्या निबंधाने भागत नाही, त्याला मूळ कागदपत्रेच पुढे करावी लागतात. ज्या साताऱ्यात डफने कागद गोळा केले, त्याच साताऱ्यात तर्काचे आणि व्याकरणाचे पाठ घेतलेल्या विद्यार्थ्याने पुढे हे काम अंगावर घ्यावे, हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे. जुन्या पाठशाळेत प्रमाणावाचून प्रमेय मान्य होत नसे. शास्त्रीबुवांनी तीच शिस्त इतिहासाला लावली.

साताऱ्याहून निघाल्यावर त्यांनी काही काळ पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कुलात संस्कृत शिकविले. ही शाळा १८८० साली निघालेली. टिळक, आगरकर, चिपळूणकर यांच्या उमेदीचा तो काळ. त्यानंतर ते मिरजेस आले आणि मिरजेचेच झाले. मिरज त्या वेळी पटवर्धनांच्या संस्थानाची राजधानी होती. १९४८ साली संस्थाने विलीन झाली, १९४९ मध्ये या मुलुखाचा ‘दक्षिण सातारा’ जिल्हा बनला आणि १९६० साली त्याला ‘सांगली’ हे नाव मिळाले. शास्त्रीबुवांच्या आयुष्याची दोन टोके, विद्यार्थिदशेतील सातारा आणि अध्यापनातील मिरज, अशी नावापुरती तरी काही वर्षे एकत्र आली होती.

मिरजेत त्यांना सापडले ते पटवर्धनांचे दप्तर. या दप्तराचे मोल कळण्यासाठी पटवर्धनांचे स्थान ध्यानात घ्यावयास हवे. कोकणातील कोतवड्याचे हरभट पटवर्धन हे इचलकरंजीकर घोरपड्यांचे उपाध्ये. त्यांचे पुत्र पेशव्यांच्या पदरी सरदार झाले आणि नातवंडांनी तर मराठी राज्याची दक्षिण सीमाच सांभाळली. गोपाळरावांनी हैदरअलीशी झुंज घेतली. परशुरामभाऊंनी टिपूवरील मोहिमेत धारवाडला वेढा घातला, १७९५ साली खर्ड्याच्या रणांगणावर मराठी फौजांचे नेतृत्व केले आणि १७९९ साली पट्टणकुडीजवळ कोल्हापूरकरांशी लढताना देह ठेवला. एक पाय कर्नाटकात आणि एक पाय पुण्याच्या दरबारात, अशी या घराण्याची स्थिती होती. साहजिकच छावणीतून घरी, घरून छावणीत आणि पुण्याच्या वकिलाकडून मिरजेस अशी पत्रांची ये-जा अखंड चाले.

या पत्रांत काय नाही? कोणत्या दिवशी कोठे मुक्काम पडला, चारा मिळाला की नाही, शिलेदारांचा पगार किती थकला, कोणत्या सावकाराने हात आखडता घेतला, नानांचा कल कोणीकडे दिसतो, श्रीमंतांची प्रकृती कशी आहे, हे सारे त्यांत आले आहे. बखर लिहिणारा घटनेनंतर बऱ्याच काळाने लिहितो. शेवट त्याला ठाऊक असतो आणि त्या शेवटाला शोभेल असे तो मागचे रचतो. पत्र लिहिणाऱ्या कारकुनाला उद्या काय होणार हे माहीत नसते. म्हणूनच त्याच्या लिहिण्यातील भीती, आशा आणि चुकलेले अंदाजही इतिहासाचा पुरावा ठरतात. ज्यांची नावे कोणत्याही पोवाड्यात नाहीत असे शेकडो कारकून या पत्रांतून बोलतात. त्यांना वाचा फोडली ती एका शाळामास्तराने.

हे काम किती चिकाटीचे होते याची कल्पना आज सहज येणार नाही. पत्रे मोडीत लिहिलेली. मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत, ऱ्हस्वदीर्घ पाळीत नाहीत. लेखणी न उचलता ओळ एका दमात पुढे धावते. एकाच अक्षराचे वळण प्रत्येक कारकुनाच्या हाती निराळे होते. पत्र वाचून झाले तरी खरी अडचण पुढेच असते. ते कोणत्या वर्षाचे? पुष्कळ पत्रांत चंद्राची तारीख आणि मोहरम, सफर असा महिना एवढाच मजकूर सापडतो. वर्षाचा पत्ताच नसतो. जेथे वर्ष दिलेले असते तेथे ते अरबी शब्दांत आणि शुहूर सनात असते. ‘इहिदे सबैन मया व अलफ’ म्हणजे एक, सत्तर, शंभर आणि हजार, अर्थात ११७१. त्यात ५९९ किंवा ६०० मिळविले की १७७०-७१ हे इसवी वर्ष मिळते. हे वर्ष मृग नक्षत्र लागताच बदलते, म्हणून नेमका कोणता आकडा मिळवावयाचा हे महिना पाहून ठरवावे लागते. जेथे वर्षच नाही तेथे पत्रातील माणसे, मुक्काम आणि लढाया दुसऱ्या पत्रांशी ताडून ते शोधावे लागते. एक पत्र एका वर्षाने पुढे-मागे पडले तर कारण आणि कार्य यांची अदलाबदल होऊन बसते.

शास्त्रीबुवांनी ही पत्रे वाचली, निवडली, कालक्रमाने लावली आणि नागरीत उतरवून छापली. परंतु ते एवढ्यावर थांबले नाहीत. पत्रांच्या जोडीला त्यांनी विस्तृत प्रास्ताविके लिहिली आणि सुट्या कागदांतून सलग हकीकत उभी केली. वर्गात अवघड श्लोक लावून देणारा शिक्षक आधी अन्वय सांगतो, प्रसंग सांगतो आणि मग शब्दाकडे वळतो. ‘लेखसंग्रहा’ची रचना नेमकी अशी आहे. हातात कच्चा कागद देऊन वाचकाला वाऱ्यावर सोडणे हे त्यांच्यातील शिक्षकाला मानवणारे नव्हते.

त्यांच्या समकालीनांकडे पाहिले म्हणजे हे वेगळेपण अधिक स्पष्ट होते. काशिनाथ नारायण साने यांनी १८७८ पासून ‘काव्येतिहाससंग्रहा’तून बखरी आणि पत्रे प्रकाशात आणून वाट पाडली. वि. का. राजवाडे यांचा पानिपतविषयक पत्रांचा पहिला खंड १८९८ साली निघाला. ती पत्रे सातारा जिल्ह्यातील वाईची. राजवाडे कागदांच्या शोधात गावोगाव हिंडले. त्यांची बुद्धी विजेसारखी आणि स्वभावही तसाच. दत्तात्रेय बळवंत पारसनीस यांनी साताऱ्यात राहून राजघराण्यांशी संबंध जोडले आणि मोठा संग्रह उभा केला. खरेशास्त्र्यांनी एक गाव, एक दप्तर आणि एक काम धरले आणि ते सोडले नाही. राजवाड्यांची प्रतिभा किंवा पारसनीसांचा व्याप सर्वांना साधणार नाही. खरेशास्त्र्यांचा मार्ग मात्र सामान्य नोकरदाराला चालता येण्याजोगा आहे, आणि त्यांचे खरे मोठेपण तेथेच आहे.

या कामाला मोठ्या द्रव्याचे पाठबळ नव्हते. शाळेचा पगार बेताचा, प्रपंच पाठीशी, आणि ग्रंथमालेची भिस्त वर्गणीदारांवर. तरीही त्यांची लेखणी एका दप्तरात कोंडून राहिली नाही. १८९२ साली त्यांनी नाना फडनविसांचे चरित्र लिहिले, १९१३ साली इचलकरंजी संस्थानाचा इतिहास सिद्ध केला आणि १९२० साली ‘मालोजी व शहाजी’ हे पुस्तक दिले. ‘यशवंतराव’ हे महाकाव्य त्यांचेच. ‘गुणोत्कर्ष’, ‘शिवसंभव’, ‘उग्रमंगल’ ही नाटकेही त्यांचीच. दिवसा कालिदास शिकवावा, फुरसतीत मोडी कागद लावावेत आणि त्यातूनही वेळ काढून रंगभूमीसाठी लिहावे, असा हा गृहस्थ होता. संशोधक म्हणजे रुक्ष माणूस, ही समजूत त्यांच्याकडे पाहून तरी सोडून द्यावयास हवी.

त्यांच्या संसाराविषयी ग्रंथमालाच एक गोष्ट सांगते आणि ती पुरेशी बोलकी आहे. बारा खंडांवर संपादक म्हणून वासुदेवशास्त्र्यांचे नाव आहे. त्यांच्या मागून निघालेल्या खंडांवर त्यांचे चिरंजीव यशवंत वासुदेव खरे यांचे. मोडी वाचण्याचे कसब आणि हजारो पत्रांतील नात्यागोत्यांची जाण ही काही मृत्युपत्राने देता येणारी मालमत्ता नव्हे. ती घरात, रोजच्या सहवासातच हाती येते. बापाने मुलासाठी वाडे आणि जमिनी ठेवल्याच्या कथा पुष्कळ आहेत. येथे अपुरे राहिलेले काम ठेवले गेले आणि मुलाने ते ओझे न मानता वारसा मानला.

या कामाला मर्यादा नव्हत्या असे नाही. पटवर्धनांच्या दप्तरातून पाहिलेले मराठी राज्य हे अखेर पटवर्धनांच्या खिडकीतून दिसणारे राज्य आहे. कोल्हापूरकरांची बाजू तेथे शत्रूची बाजू म्हणून येते; रयत येते ती बहुधा वसुलीच्या निमित्ताने. आजचा अभ्यासक या कागदांना निराळे प्रश्न विचारील आणि त्याने ते विचारलेच पाहिजेत. परंतु प्रश्न विचारण्यासाठी कागद वाचता येण्याजोगे हवेत. टीकाकाराच्या हाती साधन देऊन जाणारा संशोधक टीकेने लहान होत नाही.

खरेशास्त्र्यांचे स्मरण आज कशासाठी करावयाचे, याचे उत्तर सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतील जुन्या वाड्यांच्या माळ्यावर आहे. देशमुख, देशपांडे, कुलकर्णी, जोशी, सावकार अशा घराण्यांतून मोडी कागदांचे रुमाल अजूनही निघतात. वाडा पाडताना, वाटण्या होताना, पुराचे पाणी घरात शिरल्यावर हे कागद प्रथम उकिरड्यावर जातात. कारण ते काय आहेत हे घरातील कोणालाच वाचता येत नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी शाळेत शिकविली जात होती आणि कचेरीत लिहिली जात होती. ती ओळख गेली आणि आजोबांनी लिहिलेला कागद नातवाला परका झाला. कृष्णेच्या २००५ आणि २०१९ च्या महापुरांत सांगलीने पाणी कुठवर चढते हे पाहिले आहे. ज्या कागदाची नक्कल झालेली नाही, तो एका पावसाळ्याचाच धनी असतो.

यावर उपाय मोठ्या संस्थांनीच करावा असे म्हणून हात झटकणे सोपे आहे. परंतु मिरजेच्या या शिक्षकाने कोणाची वाट पाहिली नाही. मोडीचे वळण काही महिन्यांच्या सरावाने डोळ्यांत बसू शकते. एका शाळेतील एका शिक्षकाने ते शिकावे, चार विद्यार्थ्यांना शिकवावे, गावातील एका घराचे कागद मालकाच्या संमतीने पाहावेत, त्यांची छायाचित्रे घ्यावीत, तारीखवार यादी करावी आणि ती जवळच्या ग्रंथालयात ठेवावी. एवढे झाले तरी एक दप्तर वाचले. कचेरीत आयुष्यभर फायली लावणाऱ्या निवृत्त कारकुनाइतका या कामाला लायक माणूस दुसरा कोण असणार? तारीख, तपशील आणि नोंद यांची शिस्त त्याच्या हाडीमांसी खिळलेली असते.

इतिहासाच्या नावाने घोषणा देणे सोपे असते. त्याला ना मोडी लागते, ना शुहूर सन. खरेशास्त्र्यांनी इतिहासाचा अभिमान बाळगला, पण तो कागद वाचून बाळगला, आणि वाचलेला कागद सर्वांपुढे ठेवला. त्यांच्या बारा खंडांतील कोणतेही एक पत्र एखाद्या तासाला वर्गात वाचून दाखवावे आणि मुलांना विचारावे, हे पत्र कोणी, कोणाला आणि कशासाठी लिहिले असेल? मुले उत्तर शोधू लागली, म्हणजे खरेशास्त्र्यांची शाळा पुन्हा भरली असे समजावे.