हेडफोनमधली घरघर

सकाळच्या लोकलमध्ये कानात हेडफोन घालून मी हल्ली काय ऐकते, सांगू? जात्यावरच्या ओव्या! हसू नका. एकदा 'परी' म्हणजे 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया'च्या साइटवर जा आणि 'ग्राइंडमिल साँग्ज प्रोजेक्ट' उघडा. दादरला उतरायचं विसराल.

२०१७ पासून हा खजिना तिथे आहे. एक लाखाहून जास्त ओव्या, हजाराहून जास्त गावांतून आलेल्या. पण मूळ काम गूगलच्याही आधीचं. पुण्याच्या हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी पॉइतवाँ यांनी वीसेक वर्षं खपून या ओव्या गोळा केल्या, लिहून काढल्या. ९०च्या दशकात बर्नार्ड बेल हे संगीत आणि कॉम्प्युटर दोन्ही जाणणारे गृहस्थ त्यांना येऊन मिळाले. त्यांनी डेटाबेस बांधला आणि १२० तासांहून जास्त ऑडिओ रेकॉर्ड केला.

'ओव्या म्हणजे देवाचं काहीतरी' असं वाटत असेल, तर जरा थांबा. पहाटे जात्याशी समोरासमोर बसलेल्या दोघी, हात एकाच खुंट्यावर, आणि ऐकायला घरातला एकही पुरुष नाही. मग काय काय निघायचं! विठोबा आहेच, पण सासूचा जाच, नवऱ्याचा राग, माहेरचा भाऊ आणि थेट बाबासाहेब आंबेडकरसुद्धा. विजेची गिरणी आली आणि ही मैफल बसली. जातं गेल्याचं मला दुःख नाही हं. रोज पहाटे उठून दळणं ही काही हौस नव्हती.

मला सगळ्यात आवडलं ते म्हणजे ओवीसोबत असलेलं गाणारीचं आणि तिच्या गावाचं नाव. एरवी आपण 'पारंपरिक' असा शिक्का मारून मोकळे होतो आणि बाई गायब!

एक गोष्ट मात्र खटकत राहते. शब्द लाखभर ओव्यांचे आहेत, आवाज त्यातल्या थोड्यांचाच. गाताना बाई एखादा शब्द पुन्हा घेते, मध्येच 'गं बाई' घालते, कुठेतरी दम घेते. ते टाइप कसं करणार? 'परी'ची टीम कॅमेरा घेऊन पुन्हा त्या गावांत गेली. काहीजणी भेटल्या, गायल्या. काहीजणी तोवर गेल्या होत्या.

गावाकडे आजी असेल, तर या वीकेंडला फोनचा रेकॉर्डर चालू करा. 'मला नाही येत' असंच म्हणेल ती. जात्यावर बसलं की ओवी सुचते म्हणतात, तेव्हा माळ्यावरचं जातं खाली काढता आलं तर बघा. सुरुवातीलाच तिचं नाव, गाव आणि ओवी कोणाकडून शिकली, ते तिच्याच तोंडून बोलून घ्या. आणि प्लीज, फाइलचं नाव 'न्यू रेकॉर्डिंग ७' ठेवू नका.