नव्या गाडीचे पहिले दीड हजार किलोमीटर

नवी सेडान घेऊन दोन-तीन महिने झालेल्या कुणालाही गाडीबद्दल विचारा. होंडा सिटी असो, ह्युंदाई व्हर्ना असो किंवा आपल्या चाकणला तयार होणारी स्कोडा स्लाविया अथवा फोक्सवॅगन व्हर्टस; सांगणं बहुतेक एकाच वळणावर जातं. पहिल्या दिवसांत गाडी आखडल्यासारखी वाटायची, गिअर घट्ट पडायचा, शहरातलं ॲव्हरेज पाहून जीव कासावीस व्हायचा आणि आता मात्र ‘इंजिन मोकळं झालंय’. त्याच्या जोडीला सल्ल्यांचे दोन पंथ. एक म्हणतो, पहिले हजार किलोमीटर साठच्या वर काटा जाऊ देऊ नका. दुसरा म्हणतो, पहिल्या दिवसापासून दाबून चालवा, म्हणजे गाडी आयुष्यभर पळेल.

इंजिन खरोखर मोकळं होतं का? होतं. पण मालकाला जाणवणाऱ्या बदलातला काही भाग धातूचा असतो, काही संगणकाचा आणि बराचसा आपल्या स्वतःच्या पायाचा. हे तीन भाग वेगळे केले की वरचे दोन्ही सल्ले अर्धे बरोबर आणि अर्धे चूक आहेत हे कळतं.

सुरुवात सिलिंडरच्या आतल्या भिंतीपासून, म्हणजे बोअरपासून करू. बोटाला तो काचेसारखा गुळगुळीत लागतो, पण सूक्ष्मदर्शकाखाली त्यावर एकमेकींना छेदणाऱ्या तिरक्या रेघांचं जाळं दिसतं. कारखान्यात होनिंगच्या यंत्राने हे ओरखडे मुद्दाम पाडलेले असतात. पूर्वी घरातल्या जात्याला टाकी लावून घेत, कारण पाळी गुळगुळीत झाली की दळण नीट होत नाही. बोअरचंही तसंच आहे. या रेघांत ऑइल साठून राहतं आणि पिस्टनच्या रिंगांना प्रत्येक फेरीत पुरवलं जातं. रेघांच्या मधली सपाटी मात्र अगदी ताजी असते. तिच्यावर मायक्रॉनच्या अंशात मोजावी अशी टोकं उरलेली असतात. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाडीचा, यावरून ही टोकं किती बारीक असतील याचा अंदाज यावा. रिंगेच्या कडेवरही अशीच टोकं असतात. पहिल्या काही तासांत ही टोकं एकमेकांवर घासून झिजतात आणि दोन्ही पृष्ठभाग एकमेकांच्या आकाराला येतात. मेकॅनिक ज्याला ‘रिंगा बसल्या’ म्हणतो ते हेच. गाडी बनवण्यातलं शेवटचं काम कारखाना मालकाच्या हाती सोपवतो, असं मी याला म्हणेन. मला तरी नव्या गाडीतली ही सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते.

ऑइल असताना धातूला धातू लागतोच कसा, हा प्रश्न रास्त आहे. त्याच्या उत्तरासाठी एकोणिसाव्या शतकातल्या रेल्वेला धन्यवाद द्यावे लागतील. १८८३ च्या सुमारास इंग्लंडमध्ये बीचम टॉवर हे अभियंते रेल्वेच्या आसाच्या बेअरिंगवर प्रयोग करत होते. बेअरिंगच्या माथ्याला ऑइल घालण्यासाठी त्यांनी भोक पाडलं, तर आस फिरायला लागताच ऑइल आत जाण्याऐवजी त्या भोकातून वर येऊ लागलं. त्यांनी बूच बसवलं, तर तेही आतल्या दाबाने बाहेर ढकललं गेलं. फिरणारा आस स्वतःच ऑइलला पाचरीसारख्या फटीत खेचून दाब तयार करतो आणि त्या दाबावर स्वतःच तरंगतो, हे त्यातून उलगडलं. १८८६ मध्ये ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी त्याचं गणित मांडलं. पुढे १९०२ मध्ये जर्मनीत रिखार्ड श्ट्रिबेक यांनी वेग, भार आणि ऑइलचा घट्टपणा यांच्याबरोबर घर्षण कसं बदलतं याची मोजमापं प्रसिद्ध केली. वेग असेल तर ऑइलचा थर पूर्ण उभा राहतो. वेग गेला की थर पातळ होतो आणि टोकांना टोकं भिडतात.

आता पिस्टनकडे पाहा. तो प्रत्येक फेरीत दोनदा थांबतो, एकदा माथ्यावर आणि एकदा तळाशी. २००० आरपीएमला म्हणजे मिनिटाला चार हजार वेळा. माथ्यावर तो थांबतो त्याच्या आसपासच स्फोटाचा दाब सर्वाधिक असतो. वेग शून्याजवळ, दाब जास्तीत जास्त आणि ऑइलचा थर कमीत कमी, हे तिन्ही एकाच जागी जुळून येतात. रिंगा बसतात त्या मुख्यतः याच पट्ट्यात.

दोन्ही सल्ल्यांचा निवाडाही इथेच होतो. रिंगेच्या स्वतःच्या ताणाने ती भिंतीला टेकलेली असते, पण तो ताण किरकोळ. खरा दाब वायूचा. जळणारा वायू रिंगेच्या वरून तिच्या पाठीमागच्या खाचेत शिरतो आणि तिला भिंतीवर दाबतो. चढावर किंवा ओव्हरटेक करताना इंजिनावर भार आला की सिलिंडरमधला दाब हवेच्या दाबाच्या कित्येक दसपट होतो. सपाट रस्त्यावर हलक्या पायाने रांगत गेलं की तो त्याच्या थोड्या अंशावर येतो. म्हणजे नव्या गाडीला सतत जपून, एकाच मंद वेगात चालवलं तर रिंगांना बसायला लागणारा दाबच मिळत नाही. भिंतीवर जळक्या ऑइलचा चकचकीत थर चढतो, रेघा बुजू लागतात आणि इंजिन पुढे ऑइल खायला लागतं. उलट पहिल्याच दिवशी ॲक्सिलरेटर तळाला नेऊन इंजिन लाल पट्ट्यापर्यंत फिरवलं, तर अजून न झिजलेल्या टोकांवर इतकी उष्णता एकवटते की धातूचे कण उपटले जाऊन ओरखडे पडू शकतात.

म्हणून पुस्तिकांमधला सल्ला मधला आहे. फोक्सवॅगन आणि स्कोडा पहिले १५०० किलोमीटर रनिंग-इनचे मानतात. पहिल्या हजारात पूर्ण थ्रॉटल द्यायचा नाही आणि कमाल आरपीएमच्या बरंच खाली राहायचं. पुढच्या पाचशेत हळूहळू मर्यादा वाढवत न्यायची. होंडाही पहिल्या हजारात एकदम जोर लावू नका असं सांगते. वेगाचा एकच आकडा धरून बसा, असं मात्र यात कुठेच म्हटलेलं नाही. वेग बदलता ठेवा, भार बदलता ठेवा, हा त्याचा गाभा.

याचा व्यवहारातला अर्थ असा, की द्रुतगती मार्गावर क्रूझ कंट्रोल लावून एका दमात मुंबई गाठणं नव्या इंजिनाला फारसं उपयोगी नाही. त्यापेक्षा जुना महामार्ग बरा. खंबाटकी किंवा कात्रजचा घाट योग्य गिअरमध्ये, इंजिनाला गुदमरू न देता चढणं आणि उतारावर गिअरमध्येच ठेवून उतरणं, यात इंजिनाला कमी-जास्त दाबाचा चांगला पालट मिळतो. वरच्या गिअरमध्ये कमी आरपीएमवर गाडी कण्हत चालवणं ही पेट्रोल वाचवण्याच्या नादात होणारी नेहमीची चूक आहे. टर्बो इंजिनात तर ती हमखास होते, कारण ती खालच्या आरपीएमलाच भरपूर ओढ देतात.

साठचा नियम आला तरी कुठून? तो एकेकाळी योग्यच होता. कुर्ल्यात प्रीमियर पद्मिनी बनायची त्या काळात यंत्रकामातली सूट जास्त होती आणि ऑइल साधं होतं. झिजलेला धातू भरपूर सुटायचा, म्हणून पहिलं ऑइलही लवकर बदलावं लागायचं. त्या गाड्या सांभाळलेल्या पिढीने शिस्त पाळली म्हणून त्या टिकल्या. आज होनिंगच्या वेळीच सपाटीवरची टोकं बरीचशी उतरवली जातात, त्यामुळे मालकाच्या वाट्याला कमी काम उरतं. ते संपलेलं मात्र नाही.

ऑइलही बदललंय. १९४० च्या दशकापासून ऑइलमध्ये जस्त आणि फॉस्फरसचं एक संयुग घालतात. घर्षण होतं तिथेच, त्या उष्णतेने आणि दाबाने, ते धातूवर मायक्रॉनच्या दहाव्या भागाइतका पातळ संरक्षक थर उभा करतं. जिथे झीज होण्याची भीती, नेमकं तिथेच कवच! नव्या इंजिनात हा थर पहिल्या दिवसांतच तयार होत असतो. त्यामुळे ‘पाचशेला ऑइल बदलून टाका, चुरा निघून जाईल’ हा हौशी सल्ला मला सरसकट पटत नाही. काही कंपन्या मुदतीआधी पहिलं ऑइल बदलू नका, असं स्पष्ट लिहितात. पुस्तिकेत जे असेल ते करावं. मात्र डिपस्टिक काढून पातळी पाहत राहावी, कारण रिंगा बसेपर्यंत नवं इंजिन थोडं ऑइल जाळू शकतं.

शहरात राहणाऱ्यांनी आणखी एक लक्षात घ्यावं. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी तयार होतं. इंजिन तापलेलं असेल तर ते वाफ होऊन बाहेर पडतं. घर ते मंडई, मंडई ते देऊळ अशा दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्यांत इंजिन तापतच नाही आणि पाण्याचा, न जळलेल्या पेट्रोलचा काही अंश ऑइलमध्ये उतरतो. नव्या गाडीचे पहिले दिवस नेमके अशाच फेऱ्यांत जातात, कारण ती सगळ्यांना दाखवायची असते. सकाळी उभ्या गाडीला पाच मिनिटं रेस देत बसण्यापेक्षा सुरू करून हलक्या पायाने निघणं आणि आठवड्यातून एकदा तरी लांब चक्कर मारणं इंजिनाला मानवतं.

आता ज्याबद्दल मालक कमी बोलतात आणि ज्याची मला जास्त काळजी वाटते, त्या ब्रेक आणि टायरकडे. नवा ब्रेक पॅड डिस्कला सगळीकडून टेकत नाही, उंचवट्यांवरच टेकतो. शिवाय त्यातल्या मिश्रणाचा एक पातळ थर डिस्कवर जाऊन बसावा लागतो. ब्रेकची खरी पकड त्या थरामुळे येते. त्याला साधारण २०० ते ३०० किलोमीटर लागतात आणि तोवर थांबायला अंतर जास्त लागू शकतं. टायरचंही असंच. साच्यातून सुटावा म्हणून लावलेल्या द्रव्याचा अंश आणि वरचा गुळगुळीत थर झिजेपर्यंत पूर्ण पकड येत नाही. फोक्सवॅगन त्यासाठी पहिले ५०० किलोमीटर सांभाळून चालवायला सांगते. इंजिन बिघडलं तर पैसे जातात. पावसाळ्यात डिलिव्हरी घेऊन त्याच संध्याकाळी घाट उतरताना ब्रेक कमी पडला तर काय जाईल, हे सांगायला नको.

राहिला ॲव्हरेजचा प्रश्न. अधिकृत आकडा पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत रोलरवर, ठरलेल्या आराखड्यानुसार चाचणी घेऊन ठरतो. या वर्गातल्या पेट्रोल सेडानचा तो लिटरमागे १८ ते २० किलोमीटरच्या आसपास असतो. सिग्नलवर एसी लावून उभं राहणं त्यात धरलेलं नसतं. पहिल्या टाकीला निम्मा आकडा आला तर गाडी सदोष ठरत नाही. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन-तृतीयांश इतकीच उष्णता असते. म्हणून २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या इंधनाच्या प्रत्येक लिटरमधली ऊर्जा शुद्ध पेट्रोलपेक्षा सहा-सात टक्क्यांनी कमी भरते, हेही हिशेबात धरावं.

पुढे आकडा वाढतो त्याला रिंगा, बेअरिंग आणि टायर यांचं घटलेलं घर्षण थोडं कारण असतं. इंजिनाचा संगणकही ऑक्सिजन सेन्सरच्या आधारे इंधनाचं प्रमाण जुळवत जातो आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स क्लच नेमका कुठे पकडतो हे शिकतो. पण सर्वांत मोठा वाटा बहुधा चालकाचा असतो. क्लच कुठे धरतो, गिअर कधी बदलायचा, पुढच्या गतिरोधकाला पोट घासू नये म्हणून किती आधी पाय काढायचा, हे हळूहळू अंगवळणी पडतं. शिवाय गावची पहिली लांब फेरी याच सुमारास होते आणि महामार्गावरचा आकडा पाहून आपण म्हणतो, इंजिन सुटलं. खरी तुलना करायची तर एकाच रस्त्यावर, एकाच पंपावर टाकी काठोकाठ भरून, किलोमीटर भागिले लिटर असा हिशेब मांडावा. डॅशबोर्डवरच्या आकड्यावर विसंबू नये.

जाता जाता नव्या गाडीच्या वासाबद्दल. अनेकांना तो आवडतो. तो प्लास्टिक, गोंद आणि फोममधून सुटणाऱ्या सेंद्रिय वायूंचा असतो आणि उन्हात गाडी तापली की त्यांचं प्रमाण वाढतं. मुलांना बसवण्याआधी दारं उघडून दोन मिनिटं वारा खेळू द्यावा.

गाडीच्या पेढ्यांबरोबर एक पुस्तिकाही मिळते. ती डॅशबोर्डच्या कप्प्यात प्लास्टिकच्या पिशवीतच पडून राहते आणि सल्ला मात्र मेव्हण्याकडून घेतला जातो. डिलिव्हरीच्या दिवशीच तिचं रनिंग-इनचं पान काढून वाचा, घरात गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला वाचायला लावा आणि पहिले तीनशे किलोमीटर पुढच्या वाहनापासून नेहमीपेक्षा जास्त अंतर ठेवा.