पद नाकारणारा जमीनदार : सर जॉर्ज सॅव्हिल

अठराव्या शतकातल्या ब्रिटिश पार्लमेंटमध्ये बरीचशी मतं आधीच बांधलेली असत. कुणाकडे सरकारी पगाराची जागा असे, कुणाकडे पेन्शन. कुणी बड्या उमरावाच्या मुठीतल्या मतदारसंघातून आलेला असे. त्याच सभागृहात यॉर्कशायरचे सर जॉर्ज सॅव्हिल (१७२६–१७८४) १७५९ पासून १७८३ पर्यंत बसले आणि त्यांनी मंत्रिपद घेतलं नाही. मित्र आणि शेजारी लॉर्ड रॉकिंगहॅम १७६५ मध्ये पंतप्रधान झाले, तेव्हा पद समोर चालून आलं होतं. बाहेर राहूनच आपण जास्त उपयोगी पडू, असं सॅव्हिलना वाटत होतं.

हा स्वतंत्र बाणा त्यांना परवडत होता, हेही तितकंच खरं. सतराव्या वर्षी त्यांना बॅरोनेटचा किताब आणि यॉर्कशायर, नॉटिंगहॅमशायर, आयर्लंडमधल्या जमिनी वारशाने मिळाल्या. यॉर्कशायरचे मतदार वीस हजारांच्या घरात. तिथे लढत लावणं म्हणजे घरदार गहाण टाकणं. त्यामुळे स्थानिक जमीनदार आधीच एकमत करत, आणि सॅव्हिल दर वेळी बिनविरोध येत. कुळांच्या खंडावर उभं राहिलेलं हे स्वातंत्र्य होतं. पण तशाच जमिनी असलेले कितीतरी लोक दरबारी गेले, सॅव्हिल गेले नाहीत.

मिडलसेक्सच्या मतदारांनी सरकारचा कडवा टीकाकार जॉन विल्क्स याला निवडून दिलं होतं; कॉमन्सने, म्हणजे पार्लमेंटच्या कनिष्ठ सभागृहाने, त्याच्या जागी कमी मतं पडलेला माणूस बसवला. १७७० मध्ये सॅव्हिलनी सभागृहालाच सुनावलं, की त्याने लोकांचा विश्वासघात केला आहे. शब्द मागे घेण्याची वाट मोकळी असताना त्यांनी ते पुन्हा उच्चारले. अमेरिकन वसाहतींशी चाललेल्या युद्धालाही त्यांचा विरोध होता.

साठ वर्षं निर्वेध ताब्यात असलेल्या जमिनीवर राजसत्तेने जुना हक्क सांगू नये, हा १७६९ चा कायदाही त्यांच्याच खटपटीचं फळ. इथे तत्त्व आणि जमीनदाराचा स्वार्थ एकाच बाजूला होते.

खरी कसोटी लागली ती १७७८ मध्ये. कॅथलिक धर्मगुरूंना जन्मठेप, त्यांना पकडून देणाऱ्याला शंभर पौंडांचं बक्षीस, कॅथलिकांना जमीन विकत घेण्यास मनाई, अशी १६९९ च्या कायद्यातली कलमं होती. ती उठवणारं विधेयक प्रॉटेस्टंट सॅव्हिलनी मांडलं. त्यात त्यांचा स्वतःचा काडीचाही लाभ नव्हता. विधेयक मंजूर झालं, आणि जून १७८० मध्ये, ते रद्द करा म्हणणाऱ्या लॉर्ड जॉर्ज गॉर्डनच्या पाठीराख्यांनी लंडन पेटवलं. लेस्टर फील्ड्समधल्या सॅव्हिल यांच्या घरावर जमाव चालून गेला. कुंपणाच्या लोखंडी सळया उपटून त्यांचीच हत्यारं केली. लष्कर रस्त्यावर आलं, शेकडो माणसं मेली.

त्यानंतरचं त्यांचं पाऊल मला खटकतं. कॅथलिकांनी प्रॉटेस्टंट मुलांना शिकवू नये, असं विधेयक त्याच वर्षी त्यांनीच आणलं. लॉर्ड्समध्ये, म्हणजे वरिष्ठ सभागृहात, ते बारगळलं. मूळ कायदा वाचवण्यासाठी लोकांच्या भीतीला थोडी वाट द्यावी, असा त्यांचा हिशोब असावा; तरी दोन वर्षांपूर्वीच्या सॅव्हिलना हे शोभणारं नव्हतं.

त्याच वर्षी, दंगलीआधी फेब्रुवारीत मात्र त्यांनी यॉर्कशायरच्या जमीनधारकांचा मोठा अर्ज कॉमन्सपुढे ठेवला होता : सरकारी उधळपट्टी आणि फुकटच्या नेमणुका थांबवा. म्हणजे ज्या आमिषांपासून ते स्वतः दूर राहिले, ती आमिषंच कमी करा, अशी ही मागणी. १७८२ मध्ये रॉकिंगहॅम यांच्याच गटातल्या एडमंड बर्कच्या कायद्याने अशा बऱ्याच जागा रद्द झाल्या. प्रकृती ढासळल्यामुळे पुढच्याच वर्षी सॅव्हिलनी जागा सोडली, आणि १० जानेवारी १७८४ ला ते वारले. लग्न केलं नव्हतं. बऱ्याचशा जमिनी बहिणीच्या मुलाकडे गेल्या.